आगटे बाईंची तिरकी भिंत

आतून मोठी आणि बाहेरून लहान अशी इमारत मी आयुष्यात एकदाच पाहिली. ती डोंबिवली पूर्वेला होती. होती म्हणायचं, कारण मी सांगलीला परत पोचले आणि त्याच दिवशी ती पाडायला घेतली. चार दिवस ठाणे-डोंबिवलीत काढून मी ना तलावपाळीला फिरले, ना खाडी धड पाहिली. घरी आल्यावर बहिणीने विचारलं, "काय काय पाहिलंस?" मी म्हटलं, "एक बोळ, आठ दारं आणि एक भिंत." तिला वाटलं मी चिडलेय. पण खरंच तेवढंच पाहिलं, आणि आता ते कुणालाच पाहता येणार नाही, म्हणून लिहून ठेवते आहे.

इंदू आगटे बाई आम्हाला आर्किटेक्चर कॉलेजात पहिल्या वर्षाला होत्या. सुती साडी, पर्समध्ये पावडरच्या जागी लोखंडी टेप, आणि हातात तांबडी पेन्सिल. बाईंचा पहिला धडा एकच असायचा: कुठलीही खोली घ्या, मोजा आणि कागदावर उतरवा. आम्ही चारी भिंती मोजून ऐटीत चौकोन काढून न्यायचो. बाई कागदाकडे बघायच्याही नाहीत. "कर्ण घेतला का?" एवढंच विचारायच्या. म्हणजे या कोपऱ्यातून समोरच्या त्या कोपऱ्यापर्यंतचं तिरकं माप. दोन्ही कर्ण सारखे भरले तर खोली काटकोनात, नाहीतर तिरकी. नुसत्या चार बाजू मोजल्या तर जगातली प्रत्येक खोली काटकोनात आहे असं वाटतं, आणि ती कधीच नसते. माझ्या पहिल्या वर्षाच्या झाडून सगळ्या कागदांवर तांबड्या पेन्सिलीने "कर्ण?" असं लिहिलेलं आहे. ते कागद मी अजून टाकलेले नाहीत.

पुढे सांगलीत मी स्वतःचं घर बांधलं तेव्हा बाई मुद्दाम आल्या होत्या. एका हातात आंब्यांची पिशवी, दुसऱ्या हातात पर्स आणि छत्री. दारात उभ्या राहून इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "हे ठेवू कुठे?" मी म्हटलं, "द्या ना बाई माझ्याकडे." त्यांनी पिशवी दिली, माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि आत येऊन टेप काढला. माझ्या हॉलचे कर्ण दीड इंचाने चुकले होते. "छान आहे," बाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून "छान" मी पहिल्यांदाच ऐकलं, त्यामुळे बाकी सगळं विसरून गेले.

बाई गेल्या वर्षी गेल्या. आणि दोनेक महिन्यांपूर्वी अविनाशचा फोन आला. अविनाश माझा वर्गमित्र, ठाण्यात बिल्डरांसाठी टॉवर बांधतो. हवापाण्याचं काही न बोलता म्हणाला, "मंजू, बाईंची डोंबिवलीची सोसायटी पाडतायत."

"कोण मेला पाडतोय?"

पलीकडे तो दोनदा खाकरला. मग तो म्हणाला, "मी."

गुरुवार, ठाणे

अविनाश घोडबंदर रस्त्याला सव्विसाव्या मजल्यावर राहतो. सांगलीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला आम्ही "वर राहतात" असं म्हणतो, त्यामुळे याच्यासाठी शब्दच उरला नाही. दाराला अंगठ्याचं कुलूप. याने उजवा अंगठा कुलपावर ठेवला, डाव्या हातात माझी बॅग, आणि मी आणलेली भडंगाची पिशवी दातात धरली. कुलपाने अंगठा ओळखला नाही. दुसऱ्यांदाही ओळखला नाही. तिसऱ्या वेळेला तो कुलपाला शिवी द्यायला गेला आणि भडंग खाली पडलं. सव्विसाव्या मजल्यावर भडंग वेचणारी मी पहिली सांगलीकर असेन.

हॉलमध्ये कोपऱ्यात चादर पांघरून काहीतरी उभं होतं. मी विचारायच्या आत अविनाशने चादर ओढली. बाईंचा अर्धपुतळा! नव्या इमारतीच्या लॉबीत बसवायला याने स्वतःहून करून घेतला होता. मूर्तिकाराला फोटो एकच मिळालेला, तोही लग्नातला, त्यामुळे बाईंच्या चेहऱ्यावर पंगतीत मीठ वाढायचं राहिल्याचा भाव होता.

"टेप कुठे आहे?" मी विचारलं.

"अगं, अर्धपुतळ्याला हात नसतात."

"मग या बाई कशा?"

त्याने चादरीची घडी घातली. मला त्याची दया आली. आपल्याच बाईंची इमारत पाडायचं काम अंगावर आलेला माणूस पुतळा नाही करणार तर काय करणार? इमारत जुनी झाली होती, गळत होती, रहिवाशांनाच नवी हवी होती. अविनाशने नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणी पाडली असती. हे सगळं त्याने मला मिसळ खाताना दोनदा सांगितलं. (ठाण्यात मिसळ देताना "तिखट की मिडियम?" असं विचारतात. आमच्याकडे असं विचारणाऱ्याला लोक बाहेरगावचा समजतील.)

खरी अडचण पुढेच होती. पुतळ्याला सोसायटीची मंजुरी हवी होती. रविवारी सभा होती, सोमवारी इमारत ठेकेदाराच्या ताब्यात जाणार. आणि सेक्रेटरी कांबळे यांचा पुतळ्याला सक्त विरोध.

"का?"

"ते म्हणतात, ज्या बाईला एक भिंत सरळ बांधता आली नाही, तिचा पुतळा आमच्या लॉबीत कशाला?"

मी चमचा खाली ठेवला. माझ्या आगटे बाई! माझ्या घरातला दीड इंच पकडणाऱ्या! मी तिथल्या तिथे ठरवलं, रविवारच्या आत आपण ती इमारत इंच न इंच मोजायची, नकाशा काढायचा आणि सभेसमोर ठेवायचा. पुतळा बसो न बसो, बाईंना भिंत बांधता येत नव्हती असं म्हणून त्यांची इमारत पाडली जायची नाही.

मूळ नकाशे मिळाले असते तर काम सोपं होतं. म्हणून दुपारी नौपाड्यात बाईंच्या भाच्याकडे गेलो. भाचा कामावर होता, त्याची बायको घरी. "नकाशे ना? होते की. मावशीच सगळ्यांना वाटायच्या," ती म्हणाली. "ट्रेसिंगचा कागद आरपार दिसतो, भरतकामाचे नमुने उतरवायला छान." आळीतल्या बायकांनी बाईंची सगळी कारकीर्द उशांच्या अभ्र्यांवर उतरवून घेतली होती.

एकच कागद शिल्लक निघाला. नशिबाने तो डोंबिवलीचाच होता. पण बोळ आणि हॉल ज्या जागी होते तिथे, बरोबर त्याच जागी, पिसारा फुलवलेला मोर होता, आणि तोही सुईने टोचून टोचून काढलेला. मोराखाली काय आहे ते वाचता येईना. फक्त त्याच्या पायापाशी बाईंच्या अक्षरात "नऊ इंच" असं लिहिलेलं दिसत होतं.

"विटेच्या भिंतीची जाडी," अविनाश म्हणाला.

"अर्थात," मी म्हटलं. नऊ इंची भिंत हे आम्हाला झोपेतही माहीत असतं.

शुक्रवार, डोंबिवली

सोसायटीचं नाव शेजार. तळमजला अधिक तीन, पिवळा रंग, एका मजल्यावर दोन घरं. फाटकातून आत शिरलो तेव्हा दोन म्हातारे वास घेत उभे होते. आम्ही पाऊस आला का म्हणून आभाळाकडे बघतो, डोंबिवलीकर नाक वर करून कारखान्यांकडचा वारा बघतात. "आज तितकासा नाही," एक म्हणाला. "दुपारनंतर येईल," दुसरा म्हणाला.

जिन्यातून वर आलं की लांबट बोळ, आणि बोळाच्या टोकाला समोरासमोर दोन दारं. प्रत्येक दाराशेजारी कमरेच्या उंचीवर दगडी फळीचा एक छोटा कट्टा. किल्ली शोधताना पिशवी ठेवायला. त्याच्या कडा वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या. त्यावर आपलं सामान कायमचं ठेवायचं नाही, असा या लोकांचा अलिखित नियम. सकाळी तिथे दुधाची पिशवी असते, मग फुलांची पुडी, मग कुरियरचं खोकं, आणि संध्याकाळी शेजारणीने झाकून ठेवलेली वाटी. आमच्याकडे वाटी द्यायची म्हणजे हाक मारून, अर्धा तास बोलून द्यायची. इथे वाटी कट्ट्यावर ठेवतात, बेल मारतात आणि निघून जातात. दुसऱ्या दिवशी वाटी भरून परत येते, तीही तशीच न बोलता. पहिल्यांदा मला हे तुटक वाटलं. दोन दिवसांनी वाटलं, यांच्याकडे बोलायला वेळ नाही, पण द्यायचं मात्र यांनी सोडलेलं नाही.

सेक्रेटरी कांबळे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. हातात फाइल, खिशात दोन पेनं. "मॅडम, मोजा, बिनधास्त मोजा," ते म्हणाले. "पण भिंत तिरकी आहे ती तिरकीच निघणार. मी काय त्या बाईंच्या वाईटावर नाही. कट्टा त्यांनी फर्स्टक्लास दिला. पण हॉलची भिंत! माझं कपाट एकदाही टेकलेलं नाही भिंतीला."

त्यांचं एकट्याचंच नव्हे. आठही घरांत कपाटामागे पाचरीसारखी चार बोटांची फट होती आणि आठही घरांचा त्यावर राग होता. घरं रिकामी करायची म्हणून कपाटं हलवणं चालू होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या लिमये काकांच्या पाचरीतून तीन चेंडू, एक कंगवा आणि मुलीची दहावीची गुणपत्रिका निघाली. ती हरवली म्हणून तेव्हा दुसरी मुलीनेच बोर्डात जाऊन आणली होती, काकांना न दाखवता. आता गणितातले मार्क पाहून त्यांनी तिथल्या तिथे कॅनडाला फोन लावला. "तू म्हणालीस चौसष्ट!" हे वाक्य आम्हाला खालपर्यंत ऐकू आलं.

तळमजल्यावर जनाबाई म्हात्रे राहायच्या. ही जमीन मूळची त्यांच्या सासऱ्यांची, भाताचं शेत. ऐंशीच्या घरातल्या, नऊवारी, दारात खुर्ची टाकून आमची गंमत बघत होत्या.

"कवापासून मोजतंव गो बाय? दमलाव आसाल. च्या पिवा." तीनदा चहा आला. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "आगटेबाय काय करायची म्हायती हाय..."

"आजी, आधी एवढं काम होऊ द्या," अविनाश म्हणाला. मीही मान हलवली. हे आठवलं की अजून कान गरम होतात.

सगळ्या घरांत खोक्यांचे डोंगर होते. दारापाशी वाट नव्हती, म्हणून हॉलची रुंदी आम्ही खिडकीकडच्या टोकाला घेतली. बोळाच्या सुरुवातीला भंगार रचलं होतं, म्हणून बोळाची रुंदी दारापाशी घेतली. अविनाशचं लेझरचं यंत्र, माझा टेप. संध्याकाळी त्याच्या घरी येऊन मापं मांडली, तर गणित जुळेना. बाहेरून इमारत जेवढी रुंद होती त्यापेक्षा आतली बेरीज दीड फुटाने जास्त भरत होती.

"म्हणजे इमारत आतून मोठी आहे," अविनाश म्हणाला.

"असं होत नसतं अव्या."

"ते मलाही कळतं. तुझा टेप ढिला आहे."

"तुझ्या यंत्राचा सेल गेलाय."

कोपऱ्यातून बाई आमच्याकडे मीठ वाढायचं राहिल्यासारख्या बघत होत्या. मी उठून त्यांच्यावर चादर टाकली.

शनिवार, पुन्हा डोंबिवली

नवा सेल घालून पुन्हा सगळं मोजलं. त्याच जागी मोजलं, अर्थातच तेवढंच भरलं. अविनाशने उन्हाने लोखंड प्रसरण पावतं हा मुद्दा मांडला. मी त्याच्या चष्म्याचा नंबर विचारला. आमचा आवाज वाढला तसे कांबळे फाइल घेऊन वर आले. थोडा वेळ त्यांनी ऐकून घेतलं.

"तुम्हा दोघांचा मिळून अनुभव किती वर्षांचा?" त्यांनी अगदी सौम्यपणे विचारलं.

"साठेक," अविनाश म्हणाला.

"आणि दोघं त्याच बाईंचे विद्यार्थी?"

"हो."

"हां," कांबळे म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. भिंत बाजूलाच राहिली, आता आमच्यावरून बाईंचं शिकवणंही बाद होणार होतं. मी पायरीवर बसले. मला खरंच रडू येत होतं, आणि पंचावन्न वर्षांच्या बाईने दीड फुटासाठी रडू नये एवढं भान होतं म्हणून थांबले.

जनाबाईंनी आम्हाला ओढूनच जेवायला नेलं. तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी, जवळा आणि वालाचं कालवण. आमची भाकरी ज्वारीची, ती मोडताना आवाज होतो. ही मऊ, घडी घालावी तशी. अविनाशने चौथी घेतली तेव्हा जनाबाई म्हणाल्या, "मंग मोजून झाला?"

"जुळत नाही आजी."

"जुलल कसा? तुमी सगला सरला मोजतंव. आगटेबाय दोरी अशी नाय धरायची. ती या कोन्यातशी त्या कोन्यान धरायची. तिरकी."

माझ्या हातातली भाकरी कालवणात पडली. मी अविनाशकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"अव्या, कर्ण घेतला का?"

"तू घेतलास ना?"

"मला वाटलं तू घेतलास."

दोन दिवस, आठ घरं, साठ वर्षांचा अनुभव, आणि एकही कर्ण नाही. हात न धुताच आम्ही जिना चढलो. कांबळ्यांचा हॉल तोवर पूर्ण रिकामा झाला होता. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात टेप धरला, मग उलटा. दोन मापांत सणसणीत फरक. मग दारापाशी रुंदी घेतली. खिडकीकडच्यापेक्षा बरोबर नऊ इंच कमी. समोरच्या घरातही तेच. दोन्ही हॉलच्या बोळाकडच्या भिंती दारापाशी आत सरकलेल्या होत्या. नऊ आणि नऊ, दीड फूट. गणित चोख जुळलं.

आणि कांबळे बरोबर निघाले. भिंत तिरकीच होती.

परत ठाण्याला येऊन नकाशाचा कागद टेबलावर पसरला. मग अविनाश म्हणाला, "नकाशात सरळ दाखवू या?"

मी लगेच नाही म्हटलं नाही, हे इथे कबूल करते. इमारत सोमवारी जाणार. नंतर कोण बघायला येतंय? कागदावर काटकोन काढला की बाई सुटल्या. मी कागद पुढे ओढून भिंतीची रेघ सरळ मारायलाही घेतली होती. पण पेन्सिल टेकवली आणि डोळ्यांसमोर तांबडा "कर्ण?" उभा राहिला. ज्या बाईंनी जन्मभर हेच खोटं पकडलं, त्यांच्या नावाने तेच करायचं? मी पेन्सिल ठेवून दिली. "जे आहे ते काढायचं," मी म्हटलं. "उद्या काय होईल ते होईल."

रविवार, सभा

सकाळी लवकर पोचलो. जनाबाई बाजारातून येत होत्या. दारापाशी आल्या, हातातली भाजीची जड पिशवी सवयीने कट्ट्यावर ठेवली, कनवटीची किल्ली काढली, दार उघडलं. मागून लिमये काका गादीची वळकटी खांद्यावर घेऊन चालले होते. ते पिशवीला न घासता सरळ निघून गेले.

मी तिथेच खिळले. मग पर्समधून टेप काढून कट्ट्याची रुंदी मोजली. नऊ इंच. मोराच्या पायाखालचे नऊ इंच! ते भिंतीच्या जाडीचे नव्हतेच.

"आजी, हा कट्टा कुणी करायला सांगितला?"

"आता इचारतंस?" त्या हसल्या. "परवापासून सांगतंय, तुमी शिकलेली मानसा, ऐकता कुठं?"

सभा तळमजल्याच्या बोळातच घ्यायला लावली. प्लास्टिकच्या खुर्च्या मावेनात, लोक जिन्यावर बसले. आदल्या रात्री काढलेला नकाशा मी भिंतीला चिकटवला आणि आधी सांगून टाकलं, "कांबळेसाहेब म्हणतात ते खरं आहे. भिंत तिरकी आहे. नऊ इंचांनी." कांबळ्यांनी वहीत टिपून घेतलं. अविनाशने डोळे मिटून घेतले.

मग मी खडूने बोळाच्या जमिनीवर दोन रेघा मारल्या, भिंती सरळ असत्या तर जिथे आल्या असत्या तिथे. "बोळ इथपर्यंतच असता," मी म्हटलं. "साडेतीन फूट. त्यात दोन्हीकडून हे कट्टे पुढे आले असते. मधे उरले दोन फूट. तुमचं कपाट गेलं नसतं, गादी गेली नसती, आजारी माणसाला खुर्चीत बसवून खाली नेता आलं नसतं. म्हणजे मग कट्टाच नसता. बाईंनी तुमच्या प्रत्येकाच्या हॉलमधून नऊ इंच घेतले आणि ते तुमच्या दाराबाहेर ठेवले. ज्या पाचरीला तुम्ही इतकी वर्षं शिव्या देताय, त्या पाचरीवरच तुमचं दूध, वाट्या आणि पिशव्या उभ्या आहेत."

लोक वळून कट्ट्यांकडे बघू लागले. मग जनाबाई जिन्याच्या पायरीवरून उठल्या.

"मी तवा डोक्यावं पाटी घेऊन भाजी इकायची. बांधकामाव आगटेबाय यायची. एक डाव इचारलान, जनाबाय, घरी गेल्याव पाटी कोन उतरवतंय? मी सांगला, कोन नाय. नवरा मिठागराव, पोरा लान. दारान उभी राहातंय, कोन येतंय जातंय त्याला हाक मारतंय. मंग तिनी मना उभी केली न कंबरेशी दोरी धरली." त्यांनी कट्ट्यावर हात ठेवला. तो अजूनही त्यांच्या कमरेला बरोबर लागत होता, वयाने त्या जरा वाकल्या होत्या एवढंच. "ह्यो माजा माप हाय."

कांबळे वहीत लिहायचे थांबले होते. फाइल खाली ठेवून ते उठले, वरच्या जिन्याकडे बघत म्हणाले, "माझ्या आईला दमा होता. तिसरा मजला चढून आली की ती दारात येऊन तिथल्या कट्ट्यावर दोन्ही हात टेकून उभी राहायची. आम्ही आतून दार उघडायचो तर म्हणायची, थांबा रे, जरा टेकू द्या." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "मला वाटायचं, हे असंच असतं सगळीकडे."

मग चष्मा चढवला आणि एकदम सेक्रेटरीच्या आवाजात म्हणाले, "ठराव मांडतो. एक, पुतळा नामंजूर."

अविनाश खुर्चीतून अर्धा उठला.

"दोन, नव्या इमारतीत प्रत्येक दाराबाहेर कट्टा. याच मापाचा, जनाबाईंच्या कमरेइतका. तीन, त्यासाठी भिंत तिरकी घ्यावी लागली तर घ्यावी. कपाट टेकलं नाही तरी चालेल. लिहून घ्या, सर्वानुमते."

"अहो, पण बावीस मजले आहेत!" अविनाश म्हणाला. "सगळे नकाशे नव्याने काढावे लागतील. बिल्डर मला विचारेल, हे काय काढलंय?"

"सांगा, बाईंनी सांगितलंय," लिमये काका जिन्यावरून म्हणाले.

निघताना मी कागद परत मागितला, तर कांबळ्यांनी द्यायचं नाकारलं. फाइलला लावायचा म्हणाले, मूळ प्रत. मी फोटो काढून घेतला. कट्ट्यावर माझ्यासाठी झाकलेली वाटी ठेवलेली होती, आत वालाचं कालवण. सांगलीपर्यंत ती मी मांडीवर धरून आणली. वाटी अजून माझ्याकडेच आहे, ती भरून परत पाठवायची आहे.

परत, सांगली

अविनाशचा फोन दीड महिन्याने आला. बिल्डरशी भांडण झालं, मग समेट झाला. कट्टा मंजूर. जाहिरातीच्या पुस्तिकेत त्याला काहीतरी इंग्रजी नाव दिलंय, ते मी इथे लिहीत नाही, बाईंना आवडलं नसतं. "आणि पुतळा?" मी विचारलं.

"माझ्याच दाराबाहेर ठेवलाय, चौथऱ्यासकट," तो जरा ओशाळून म्हणाला. "चौथरा पिशवी ठेवायला अगदी बेताचा आहे. आता अंगठा पहिल्या झटक्यात लागतो."

पुढे म्हणाला, "नकाशा पाठवलाय, बघ."

हा फोन मी माझ्या दारात उभी राहून घेत होते, नुकतीच मंडईतून आलेली. नकाशा उघडला. बावीस मजले, आणि प्रत्येक हॉलमध्ये अविनाशने बारीक तुटक रेघांनी दोन्ही कर्ण काढले होते, प्रत्येकाचं माप लिहिलेलं, एकही जोडी सारखी नाही. मी फोन कानाला लावला आणि म्हटलं, "छान आहे." "हो बाई," तो पलीकडून म्हणाला. त्यालाही ते बाईंच्याच आवाजात ऐकू आलं असावं.

मग किल्ली काढायला पर्स उघडायची होती. एका हातात फोन, दुसऱ्या हातात दोन किलो टोमॅटो, आणि भाजी. मी दाराच्या उजवीकडे पाहिलं. डावीकडे पाहिलं. हे घर मी बांधलं, मीच नकाशा काढला, आणि तेव्हा याच उंबऱ्यात आंब्यांची पिशवी घेऊन उभ्या राहिलेल्या बाईंनी मला विचारलं होतं, "हे ठेवू कुठे?"

पिशवी खाली ठेवली तशी ती कलंडली. टोमॅटो एकेक करत पायऱ्या उतरून फाटकापर्यंत गेले.